आत्यांच्या सह्या आणि आजोबांचे घर: हक्कसोडपत्र घ्यावे का?

प्रश्न: पूर्व भागातील पुतण्या

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे जुने माडीचे घर आहे. आजोबा लहानपणी चुलत्यांबरोबर तेलंगणातून येथे आले, अनेक वर्षे दुसऱ्याच्या मागावर मजुरी केली आणि १९६१ साली स्वतःच्या कमाईतून हे घर विकत घेतले. पुढच्या खोलीत त्यांचा खड्डामाग होता आणि त्यावर ते लुगडी विणत. पुढे यंत्रमाग आले, माग बंद पडला, खड्डा बुजवून त्यावर शहाबादी फरशी टाकली. ती फरशी बाकीच्या फरशीपेक्षा फिकट आहे, त्यामुळे आजोबा नेमके कुठे पाय सोडून बसत, हे आजही बोटाने दाखवता येते. त्या मागाचा धोटा आमच्या देव्हाऱ्यात आहे आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागते.

आजोबा १९८३ साली मृत्युपत्र न करता वारले आणि आजी १९९८ साली गेली. त्यांना दोन मुलगे आणि तीन मुली. माझे वडील २०१६ साली वारले. काका त्याच घरात राहतात. मधली आत्या २०११ साली गेली. तिचे यजमान आणि दोन मुले आहेत. थोरली आणि धाकटी आत्या सोलापुरातच असतात. तिन्ही आत्यांची लग्ने १९६९ ते १९८० या काळात झाली. मिळकत पत्रिकेवर आजी, काका आणि माझे वडील अशी तीनच नावे आहेत, कारण १९८४ साली वारस नोंद करताना मुलींची नावे घालण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती.

आता घर विकायचे ठरले आहे. घेणाऱ्याने सर्व वारसांच्या सह्या मागितल्यामुळे काकांनी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार करून घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्कच नसतो, त्यामुळे ही सही केवळ उपचार आहे; शिवाय आत्यांना दिवाळीला, नारळी पौर्णिमेला साडीचोळी मिळत आली आहे आणि माहेर उघडे राहिले आहे, तेवढे पुरे. दोन्ही आत्या सही करायला तयार आहेत. थोरली आत्या तर म्हणाली, ‘मला काही नको, भावाचे दार उघडे असू दे.’ धाकटीने फक्त एक विचारले: देव्हाऱ्यातला धोटा मला मिळेल का? काका म्हणाले, देव थोरल्या मुलाकडे जातात, तशी रीत आहे.

मला झोप लागत नाही, याचे कारण सांगतो. थोरल्या आत्याची मुलगी काकांच्या घरात सून म्हणून आली आहे. आमच्या समाजात आते-मामे भावंडांची लग्ने होतात. त्यामुळे आत्या ‘नको’ म्हणते ते मनापासून की लेकीच्या काळजीने, हे मला कळत नाही. दुसरे असे की, हे घर एकट्या आजोबांच्या कमाईचे होते, हेही मला पूर्ण पटत नाही. तिन्ही आत्या लग्नाआधी शाळेतून आल्यावर कांड्या भरत आणि रात्री मांडीवर सूप घेऊन आजीबरोबर विड्या वळत. आजीच्या नावावर मोजल्या गेलेल्या त्या हजार विड्यांत मुलींच्या किती होत्या, ते कोणी लिहून ठेवले नाही.

जाणकारांनी दोन्ही बाजूंनी सांगावे: कायदा काय म्हणतो, आणि माणूस म्हणून मी काय करावे?

उत्तर: निवृत्त वकील, दक्षिण कसबा

काकांची समजूत चुकीची आहे. मात्र ती एकट्या त्यांची नव्हे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मी ती तीस वर्षे ऐकली आहे, आणि ती सांगणारे बहुतेक लोक प्रामाणिक होते. गोंधळ ‘वडिलोपार्जित’ या शब्दामुळे होतो. बोलण्यात आपण बापजाद्यांकडून आलेल्या कोणत्याही घराला वडिलोपार्जित म्हणतो. कायद्यात मात्र एकत्र कुटुंबाची सहदायकी मालमत्ता, जिच्यात मुलाला जन्मतःच हक्क असे, ती वेगळी आणि एखाद्याने स्वतः कमावलेली मालमत्ता वेगळी. आपल्या आजोबांनी घर स्वतःच्या पैशाने घेतले, म्हणजे ते त्यांचे स्वकष्टार्जित घर होते.

स्वकष्टार्जित मालमत्तेचा मालक मृत्युपत्र न करता वारला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे ती पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते. त्या वर्गात विधवा, मुलगे आणि मुली एकत्र आहेत आणि सर्वांचा हिस्सा समान आहे. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, हे ते कलम विचारतच नाही. म्हणून १९८३ साली आजोबा वारले त्या क्षणी आजी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा जणांना प्रत्येकी एक षष्ठांश हिस्सा मिळाला. आजीने मृत्युपत्र केले नसेल, तर १९९८ साली तिचा हिस्सा पाच मुलांत समान वाटला गेला आणि प्रत्येकाचा एक पंचमांश झाला. मिळकत पत्रिकेवर नाव नसल्याने हा हक्क जात नाही. अशा नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

मग १९९४ हे साल कुठून आले? त्या वर्षी महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला सहदायकी मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. वगळले ते त्या नव्या हक्कातून. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतील हक्क मुलींना १९५६ पासून होता आणि त्याला त्या दुरुस्तीने हात लावला नाही. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अटही काढून टाकली आणि विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुलीचा सहदायकी हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. आपल्या प्रकरणात या दुरुस्तीची किंवा निकालाची गरजही पडत नाही.

जुन्या कायद्यात एक अडथळा मात्र होता आणि तुमच्या घराने तो सोसला आहे. कलम २३ प्रमाणे कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीला हिस्सा असला, तरी मुलगे वाटणी करायला तयार होईपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. त्या घरात राहण्याचा हक्कही लग्न न झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, त्याच्यापासून विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीपुरताच होता. हे कलम २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाले. म्हणजे बावीस वर्षे तुमच्या आत्यांचा हिस्सा कागदावर होता, पण मागण्याची सोय नव्हती. आणि सोय झाली, तेव्हा ती त्यांना सांगायला कोणी गेले नाही.

हक्कसोडपत्राबद्दल. ज्याला आपला हिस्सा माहीत आहे, त्याने तो राजीखुशीने सोडावा, यात बेकायदा काही नाही. स्थावर मालमत्तेचे असे पत्र नोंदणीकृत असावे लागते. मुद्रांकाच्या कागदावर घेतलेली साधी सही चालत नाही. पण ‘तुला हक्कच नाही, ही उपचाराची सही आहे’ असे सांगून घेतलेले पत्र उद्या न्यायालयात आव्हानाला पात्र ठरते. मधल्या आत्याचा हिस्सा तिचे यजमान आणि मुलांकडे गेला आहे, त्यांनाही विसरू नये.

आणि एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. आपल्या वडिलांचा एक पंचमांश आपली आई, आपण आणि आपली भावंडे यांच्यात समान वाटला गेला आहे. आपल्याला बहीण आहे का? असल्यास काकांच्या मसुद्यात तिचेही नाव असेल.

उत्तर: अक्कलकोट रस्त्यावरून, एक वाचक

मी कायद्याचे सांगू शकत नाही. मी १९९६ साली अशी सही केली आहे, तेवढे सांगते.

आमचे माहेर कन्ना चौकाजवळ होते. भाऊ स्वभावाने चांगला होता, हे आधीच लिहिते, कारण त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. नोंदणी कार्यालयात जाण्याआधी त्याने मला दुकानात नेऊन साडी घेतली आणि तीच नेसून मी गेले. अंगठ्याचे ठसे झाल्यावर हात पुसायला काही मिळाले नाही, म्हणून मी पदराच्या आतल्या बाजूला अंगठा पुसला. ती निळी शाई कधी निघाली नाही. साडी अजून कपाटात आहे. मी ती परत नेसले नाही आणि कोणाला दिलीही नाही. कागदावर काय लिहिले आहे, ते मला कोणी वाचून दाखवले नव्हते आणि मीही विचारले नाही. विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे, असे आमच्या वेळी वाटे.

पुढे यजमानांची गिरणी बंद पडली. दोन मुलांची फी भरायची होती, तेव्हा मला त्या घराची आठवण पैशासाठी झाली, हे मी लपवत नाही. भाऊ गेल्यावर भाच्यांनी घर विकले आणि ते मला मंडईत जुन्या शेजारणीकडून कळले. कायद्याने त्यांना मला विचारण्याची गरज नव्हती. मी नंतर एकदा तिथे गेले, तर दाराला दुसऱ्याचे कुलूप होते.

‘भावाचे दार उघडे असू दे’ हे आपल्या आत्याचे वाक्य मी जसेच्या तसे बोलले होते. दार भावाचे असते तोवर उघडे असते. म्हणून माझी एकच विनंती आहे: त्यांना एकट्यांना भेटा, लेकीच्या सासरच्या माणसांसमोर विचारू नका. हिस्सा किती आहे तो आकडा आधी सांगा आणि मग विचारा. त्यानंतरही त्या ‘नको’ म्हणाल्या, तर तो त्यांचा दानाचा आनंद आहे आणि तो त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

उत्तर: साखर पेठेतील थोरला भाऊ

वरील ताईंबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडतो, कारण काकांची बाजू कोणीतरी लिहायला हवी.

मी थोरला मुलगा आहे. वडिलांचे आजारपण सहा वर्षे चालले. रात्री उठून त्यांना कुशीवर वळवणे, दवाखान्याच्या फेऱ्या, घरपट्टी, पावसाळ्याआधी माळवदाची दुरुस्ती आणि दोन बहिणींच्या लग्नांचे कर्ज हे सारे मी आणि माझ्या पत्नीने केले. बहिणी येत, रडत आणि चार दिवसांनी परत जात. त्यांची परिस्थितीच तशी होती, मी दोष देत नाही. पण कायदा हिस्से मोजताना फक्त जन्म मोजतो आणि ही वर्षे मोजत नाही, याचे मला दुःख आहे. जुन्या रीतीत घर मुलाकडे जाई, तसे म्हातारपणही मुलाच्याच गळ्यात पडे. त्या रीतीची एक बाजू कायद्याने बदलली. दुसरी बाजू आमच्या घरांत अजून तशीच आहे. काकांनी आजीला १९९८ पर्यंत सांभाळले असेल, तर त्यांच्या मनात हीच बोच असणार.

उत्तर: निवृत्त वकील, दक्षिण कसबा

साखर पेठेतील बंधूंचे म्हणणे खरे आहे आणि त्याला काही प्रमाणात उत्तरही आहे. वाटणी करताना सहमालकाने भरलेला कर आणि केलेली आवश्यक दुरुस्ती हिशेबात धरता येते. काकांनी पावत्या ठेवल्या असतील, तर ती रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्याचे पाच भाग करणे न्याय्य होईल. लग्नाचा खर्च मात्र हिस्स्यातून वजा होत नाही. सेवेचे मोल कायद्याला करता येत नाही. ते ओळखून बहिणींनी स्वतःहून काही सोडले, तर ते शोभून दिसते. पण त्यासाठी आपण काय सोडत आहोत, हे त्यांना आधी माहीत हवे. आणखी एक भर घालतो: आई-वडिलांच्या पालनपोषणाची कायदेशीर जबाबदारी आज मुलींवरही आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही.

उत्तर: इतिहासाचे एक शिक्षक

काकांनी ‘रीत’ हा शब्द वापरला, म्हणून लिहितो. मुलाला बापाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क असतो, हे तत्त्व ज्या ग्रंथामुळे भारताच्या मोठ्या भागात रूढ झाले, तो मिताक्षरा हा ग्रंथ आपल्याच शेजारी लिहिला गेला. हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेल्यावर ज्या बसवकल्याणला वळतो, तेच चालुक्यांचे कल्याण. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. म्हणजे ज्याला आपण अनादी रीत समजतो, ते एका विद्वानाने जुन्या वचनांचा लावलेला अर्थ आहे आणि त्याच्याच काळी त्याहून वेगळे मत मांडणारेही होते. बंगालात दायभागाप्रमाणे बाप जिवंत असेपर्यंत मुलाला असा हक्क नसे.

त्याच विज्ञानेश्वराने स्त्रीधनाचा अर्थ किती मोठा केला होता, हे मात्र आपण विसरलो. वारशाने, खरेदीने किंवा वाटणीत स्त्रीला जे मिळते तेही स्त्रीधनच, असे त्याने म्हटले. पुढे इंग्रजी अमलात प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ आकुंचित केला आणि विधवेला मिळालेली मालमत्ता तिच्या हयातीपुरती मर्यादित धरली गेली. १९३७ च्या कायद्यानेही विधवेला हिस्सा दिला, पण तो तसाच मर्यादित. अखेर १९५६ च्या कायद्यातील कलम १४ ने ती मर्यादा उठवून स्त्रीला पूर्ण मालक केले. बाहेरून लादलेला म्हणून ज्या कायद्यावर आपल्याकडे राग धरला जातो, त्याने या एका मुद्द्यावर कल्याणच्या जुन्या पंडिताचेच म्हणणे पुन्हा उभे केले, असे माझे मत आहे.

आणि ग्रामदैवत सिद्धेश्वरांची आठवण काढल्याशिवाय सोलापुरात हा विषय पुरा होत नाही. विज्ञानेश्वरानंतर काही दशकांतच त्याच कल्याणात बसवण्णांची चळवळ उभी राहिली आणि आपले सिद्धराम तेथे शरणांमध्ये मिसळले. अक्कमहादेवी त्याच मंडळींतल्या. एकाच गावाने मुलाचा जन्मसिद्ध हक्क सांगणारा ग्रंथ दिला आणि स्त्रियांना बरोबरीने बसवणारी शरणांची सभाही दिली. त्यातले काय उचलायचे, हे प्रत्येक पिढीच्या हाती होते.

धोट्याबद्दल एवढेच सांगतो की, देव थोरल्याकडे जाण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे ती रोजच्या पूजेची जबाबदारी कोणावर, हे ठरवण्यापुरती असते. धोटा हा मूर्ती नव्हे. ज्या हातांनी कांड्या भरून दिल्या, त्या हातांत तो गेला तर पूजेत खंड पडेल असे मला वाटत नाही.

उत्तर: विडी घरकुलातून

माझी आई विडी कामगार होती. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरे झाली, त्यांतले एक आईच्या नावावर आहे. पहिल्यांदा वीजबिलावर तिचे नाव आले, तेव्हा तिने ते बिल देवाजवळ ठेवले होते. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आईने सांगून ठेवले आहे की तिघांचे सारखे, आणि त्यावर आमच्या घरात कधी चर्चाही झाली नाही. घर बाईच्या नावावर असले की तिच्या मुलींना वेगळे काही मागावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता: पूर्व भागातील पुतण्या

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण जे घडले ते सांगणे मला कर्तव्य वाटते.

मी आधी काकांकडे गेलो. १९८३ चा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी घेऊन आले. १९८६ पासूनच्या सगळ्या पावत्या सुतळीने वर्षवार बांधलेल्या होत्या. साखर पेठेतील बंधूंचे शब्द मला त्या वेळी आठवले. ती रक्कम आणि २००३ साली बदललेल्या पत्र्यांचा खर्च आधी काकांना द्यायचा, असे मी म्हणालो. ते त्यांनी मान्य केले. हक्कसोडपत्राचा मसुदा त्यांनी स्वतः बाजूला ठेवला.

थोरल्या आत्याला मी एकटीला भेटलो. हिस्सा किती होतो ते ऐकल्यावर तिने मला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, ‘निम्मे माझ्या लेकीच्या नावावर टाक, तिच्या घरच्यांना सांगून टाक. निम्मे मला ठेव.’ इतक्या वर्षांत तिला स्वतःसाठी काही मागताना मी प्रथमच ऐकले. धाकटीने आपला हिस्सा घेतला आणि धोटाही. काकूंनीच तो देव्हाऱ्यातून काढून तेल लावून तिच्या हातात दिला. मधल्या आत्याच्या यजमानांना आपण वारस आहोत, हे माहीतच नव्हते.

वकीलसाहेबांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. होय, मला एक धाकटी बहीण आहे. तिचे लग्न २००९ साली झाले आणि ती लातूरला असते. काकांच्या मसुद्यात तिचे नाव होते, माझ्या नावाच्या अगदी खाली, आणि तो मसुदा मी दोनदा वाचला होता. आत्यांसाठी झोप उडालेल्या मला ते नाव वाचताना काही वेगळे वाटले नव्हते. मी तिला फोन करून हे सारे सांगितले, नाव वाचूनही गप्प राहिलो होतो हेसुद्धा. ती थोडा वेळ थांबली आणि मग तिने इतकेच विचारले की, सहीसाठी मला कधी बोलावणार होतात.

सोमवारी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला. त्यात काका, दोन आत्या, मधल्या आत्याचे यजमान आणि दोन मुले, आई, मी आणि बहीण अशी नऊ नावे आहेत. तिचे नाव माहेरचे लिहावे की सासरचे, हे मला ठरवता येईना, म्हणून तिलाच विचारले. शाळेच्या दाखल्यावर जसे आहे तसे लिही, असे तिने सांगितले.